माया न लावणारं पाळणाघर

"बाना लुबुतो, भोपळ्याची पानं ताजी आहेत, घेऊन जा!" टोमॅटोवाली ओरडली.

कासुबा वळली. पोर झालं की चिलेंजे वस्तीत बाईचं स्वतःचं नाव मागं पडतं. लुबुतोची आई म्हणून ती बाना लुबुतो झाली होती, आणि ही हाक तिला फार आवडायची. पण टोमॅटोवाली तिच्याकडे बघतच नव्हती. ती बघत होती मुतिंताकडे. घरी पोर सांभाळणाऱ्या या मुलीच्या पाठीशी कापडात बांधलेली दहा महिन्यांची लुबुतो गाढ झोपली होती.

"आई मी आहे," कासुबा म्हणाली.

"हो का? मग रोज हीच कशी दिसते?" टोमॅटोवाली हसली. शेजारच्या दोघीही हसल्या.

"चेष्टा करतात मॅडम त्या," मुतिंता हळूच म्हणाली.

कासुबा पानं न घेताच घरी आली.

"लुबुतोला पाळणाघरात घालायचं," तिने नवऱ्याला सांगून टाकलं.

मुसोंदाने मोबाइल खाली ठेवला. "का? मुतिंता मारते?"

"नाही."

"उपाशी ठेवते?"

"नाही रे. चांगली सांभाळते. जरा जास्तच चांगली."

"म्हणजे जळतेस तू."

"जळते. मग?"

मुसोंदाने पुन्हा मोबाइल उचलला.

कासुबा शहरात चष्म्याच्या दुकानात काम करायची. साडेपाचला घरी पोचली की हात धुवायच्या आधी लेकीला उचलायची, आणि लेक रडायची. मुतिंता चपला घालून फाटकाकडे निघाली की लुबुतो दोन्ही हात तिच्या दिशेने पसरायची. मुतिंता मागे वळूनही न बघता भराभर चालू लागायची. आपलं पोर आपल्याच कडेवर दुसरीसाठी रडतं, यासारखं दुखणं नाही. कासुबाला मुतिंताचा राग येई, मग स्वतःचा, आणि फिरून पुन्हा मुतिंताचा.

बरं, मुलगी निवडली होती तिनेच. "तुला मूल आहे?" असं पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं. "नाही मॅडम," मुतिंता म्हणाली, तेव्हा कासुबाला बरं वाटलं होतं. स्वतःचं पोर असलेल्या बाईचं अर्धं लक्ष घरी असतं. तिला पूर्ण लक्ष देणारी हवी होती. आता ती मिळाली होती आणि तेच सोसवत नव्हतं.

पहिलं पाळणाघर तिने पाच मिनिटांत नापास केलं. तिथली बाई गुबगुबीत आणि हसरी होती. "आमच्याकडची पोरं संध्याकाळी घरी जायलाच तयार नसतात!" असं तिने कौतुकाने सांगितलं. कासुबाने पर्स उचलली आणि ती निघाली. बाई बिचारी दारापर्यंत विचारत आली, काही चुकलं का म्हणून.

दुसऱ्या दिवशी मुसोंदा लवकर घरी येणार होता. "मुतिंताला वेळेवर सोड," असं त्याला फोनवर सांगून कासुबा दुकानातून परस्पर पलीकडच्या वस्तीत गेली. तिथलं पाळणाघर स्वस्तातलं होतं, पण फरशी स्वच्छ होती, लापशीची भांडी घासूनपुसून ठेवलेली होती. ते चालवणारी एस्नार्त मात्र बघताक्षणी नकोशी वाटावी अशी. लांब चेहरा, कपाळाला आठी.

"पोरांना लळा लागतो का तुमचा?" कासुबाने विचारलं.

"माझा?" एस्नार्तने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अकरा पोरं आहेत, बाई. भरवते, धुते, झोपवते. लळाबिळा लावत बसले तर दिवस पुरायचा नाही. तुम्हाला तसलं काही हवं असेल तर दुसरीकडे बघा."

"नको, नको. हेच हवंय."

एस्नार्तला नवल वाटलं, पण तिने वही पुढे केली. सोमवारपासून लुबुतो, असं तिने लिहून घेतलं. मुतिंताला उद्याच सांगून टाकायचं, कासुबाने ठरवलं. आता दिवसभर पोर कुणाच्या पाठीला चिकटणार नव्हतं, आणि संध्याकाळी आई दिसली की झेप घेणार होतं.

तसंच घडतही होतं तिच्या डोळ्यांसमोर. एकेक आई येत होती आणि पोरं पडतधडपडत फाटकाकडे धावत होती. कासुबा खूश होऊन बघत राहिली. सहा वाजत आले तेव्हा एकच पोरगा उरला. दीडेक वर्षांचा असेल. त्याने एस्नार्तच्या झग्याचं टोक मुठीत धरलं होतं.

"हा नाही का जात?"

"चोलवे? हा जाईल कसला! आई आली की भोकाड पसरतो. पहाटे झोपलेला आणून टाकते, संध्याकाळी झोपायच्या वेळेला नेते. रविवारी लोकांचे कपडे धुते. पोराला वाटतं मीच त्याची आई." एस्नार्तने नाक उडवलं. "आणि मी तर त्याच्याकडे बघून हसतसुद्धा नाही."

कासुबाला आतून गोड वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण गोडच वाटलं. आपल्यापेक्षाही करंटी कुणी आहे तर! या असल्या आंबट बाईसमोरही जी हरली, ती कशी दिसत असेल, हे तिला बघायचंच होतं.

"मी थांबू का जरा?"

"थांबा की. बाना चोलवे येईलच एवढ्यात."

फाटक वाजलं. कोणीतरी धापा टाकत आत आलं. चोलवेने एक किंकाळी फोडली आणि तो एस्नार्तच्या मागे लपला.

आलेली बाई जमिनीवर गुडघे टेकून बसली. तिने दोन्ही हात पसरले. पोराने झग्यात तोंड खुपसलं आणि तो आणखी मोठ्याने रडू लागला. बाईचे हात तसेच राहिले.

तिचा चेहरा नीट दिसावा म्हणून कासुबा दोन पावलं पुढे झाली.

ती मुतिंता होती.