ओळखीचा खुंट

माणूस ओळखणारे खुंट, म्हणजे कलमाखालचे मुळांसकटचे बुंधे, आता घरोघरी आले होते. त्यांच्यावरचा वेल आपल्या माणसाकडे पानं वळवायचा. हिंदुरावांची बायको शालन वारली, तरी परसातला द्राक्षवेल स्वयंपाकघराच्या दाराकडेच बघत राहिला. पाणी घालायला ती तिथूनच यायची.

हिंदुरावांना ते बघवेना. त्यांनी वेल खुंटापर्यंत छाटला, परक्या बागेतली काडी त्यात कलम करून बसवली आणि दातांत धरलेली पट्टी घट्ट गुंडाळली.

"नवी काडी तिला कुठली ओळखणार?" असं लेकीला म्हणत त्यांनी दार लावून घेतलं.

काडी फुटली. कोवळी पानं एकेक करून बंद दाराकडे वळली. ओळख खाली मुळांत मुरलेली होती.

"अप्पा, पुन्हा छाटायचा?" वैजूनं विचारलं.

"नको. आधी दार उघड," ते म्हणाले. "ताटकळलीत बिचारी."