उघड्या डोळ्यांची पाळी

देवानंदनं खुर्ची लाथेनं मागं ढकलली अन् उभाच राह्यला. बसलं की डोळा लागतो, मंग बसायचंच कशाला!

काचेपलीकडं रोबोट सुरू झाला. नवीन जालन्यातल्या बियाणे कंपनीत तो नुकताच आल्ता, दोन हजार चारच्या उन्हाळ्यात. एकच पिवळा हात, पण सहा हमालांचं काम. भिंतीपलीकडं कचरू पोत्यांची तोंडं शिवून पट्ट्यावर सोडणार, ह्या हातानं ती उचलून थप्पी लावायची, थप्पी भरली की ती आपोआप गोदामात सरकायची. देवानंदनं नुसतं बघायचं. चुकलं काही तर लाल बटण दाबायचं. बस!

पण ते बघणंच लई जड झाल्तं. बायको कांता सरकारी दवाखान्यात, पोरगी सातव्या महिन्यातच झालेली, काचेच्या पेटीत. रात्रभर तिच्यापाशी बसायचं अन् दिवसा इथं उभं राह्यचं. काल तो पेंगला अन् नेमके रामरावसाहेब आले.

"उद्या एकदा जरी डोळा मिटलेला दिसला ना देवानंद, तर गेटच्या बाहेर," साहेब म्हणाले. "न्हाई दिसला तर परमनंटची सही मीच करतो."

परमनंट झालं की पोरीच्या दवाखान्याचा खर्चा कंपनीकडं. आता सांगा, झोपल का तो? बिलकुल न्हाई!

सकाळीच कचरूनं दारातून डोकं घातलं. "देवा, झोप आली तं रोबोटच्या खांद्यावर मान टाक. तुझ्यापेक्षा भरवशाचा हाय."

"तू तुझी पोती शिव, जाय!"

मंग देवानंदला एक युक्ती सुचली. हमालीत पोती मोजायचा ना, तसंच मोजायचं, मोठ्यानं. पहिल्याला 'एक' म्हणायचं न्हाई, 'लाभ' म्हणायचं. आडतीतली जुनी रीत.

हात खाली गेला, वळला, उघडला.

"लाभ!"

परत खाली गेला, वळला, उघडला.

"दोन!"

अन् जो लागला मोजायला! डोळे जड झाले की हिरवी मिरची चावायची. नाकातोंडातून पाणी, कानातून वाफा, पण आकडा चुकला न्हाई. तोंडावर पाणी मारलं, स्वतःच्याच थोबाडीत हाणली, कांताचं नाव घेतलं. पापणी लवली तर लवली, मिटली न्हाई. समोर हिरवा दिवा. हिरवा म्हंजे सगळं बराबर.

मधीच त्याला कायतरी खटकलं. काय, ते कळंना. डोक्याचा नुसता भुगा झाल्ता. त्यानं लाल बटणाकडं हात नेला. मंग दिव्याकडं बघितलं. हिरवाच.

'झोप माझ्या डोक्यात हाय, मशीनच्या थोडीच हाय,' तो स्वतःशी म्हणाला अन् हात मागं घेतला.

पाळी संपत आली तसे रामरावसाहेब दबक्या पावलानं आले. त्यांचेबी डोळे लाल. पेरणीचा हंगाम तोंडावर, त्यांना तरी कुठली झोप? त्यांनी देवानंदच्या डोळ्यांपुढं बोटं हलवली.

"जागा हाय साहेब."

"किती झाली?"

देवानंदनं आकडा सांगितला. साहेबांनी हाताच्या फेऱ्या मोजणारी रोबोटची स्क्रीन बघितली. तोच आकडा! एकाचाबी फरक न्हाई.

"शाब्बास रे पठ्ठ्या! माणूस अन् मशीन एकच बोलून राह्यले, अजून काय पाह्यजे?" साहेबांनी खिशातला कागद काढला, तिथंच टेबलावर ठेवून सही ठोकली. मंग बाहेर ड्रायव्हरला आवाज दिला, "पुंजाराम, टेंभुर्णीची गाडी शटरला लाव! माल तयार हाय!"

लॉरी मागं घ्यायचा आवाज आला. देवानंदनं कागद कपाळाला लावला. डोळ्यातलं मिरचीचं पाणी कोणतं अन् आनंदाचं कोणतं, काही कळंना.

तेवढ्यात कचरू पळत पळत आत आला. घामानं भिजलेला, शर्ट पाठीला चिकटलेला. त्यानं मूठ उघडून साहेबांपुढं धरली.

"भेटली एकदाची, साहेब! सकाळी शिलाईची मशीन लावतानाच सुई तुटली, सगळं जालना पालथं घातलं. आता सोडू का पहिलं पोतं?"