भरलेला ग्लास

कलेच्या इतिहासाचं पुस्तक वाचता वाचता माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा दूध उतू गेलं होतं, बाळ कणकेच्या डब्यात हात घालून बसलं होतं आणि बोरिवलीहून आलेल्या सासूबाई समोर उभ्या होत्या.

"आई, उद्या पेपर आहे..."

त्यांनी पुस्तकातलं डच चित्र पाहिलं. पाहुणे खिदळतायत, पोरं धुडगूस घालतायत, घरची बाई टेबलावर डोकं टेकून झोपलीय.

"हिचंही दूध उतू गेलं वाटतं?"

"नाही, ती प्यायलीय. वाइन म्हणजे बेजबाबदारपणाची खूण, असं लिहिलंय."

सासूबाईंनी चष्मा लावला.

"अगं, ग्लास तर काठोकाठ भरलेला आहे तिचा. दमलीय ती." त्यांनी पिठाने माखलेलं बाळ कडेवर घेतलं. "तू पड जरा."