परतीचा अर्ज

"थांबा, तुम्ही सांगू नका. मीच ओळखतो," अर्ज भरून घेणारा कारकून म्हणाला.

ही त्याची जुनी खोड. शहरात आलेल्या माणसाला परत आपल्या गावी जायचं असेल तर सामानाला टेम्पो आणि घर बांधायला मदत, अशी योजना होती. आज अर्जाचा शेवटचा दिवस. माणूस गाव सोडून का आला, हे कारकून उंबऱ्यातच ओळखायचा. दोन हजार घरं झाली, अंदाज एकदाही चुकला नव्हता. निदान तो तरी तसं सांगत फिरायचा.

"तुम्ही लग्न होऊन आलात," तो दार उघडणाऱ्या घरच्या सुनेला म्हणाला.

"अगदी बरोबर! आता आमच्या सासूबाईंचं ओळखा. जायचंय त्यांनाच. वर्षभर नुसतं डोकं खाल्लंय माझं."

म्हातारी पिशवी भरून, चपला घालून तयारच बसली होती. पिशवीतून दोराचं वेटोळं डोकावत होतं.

"मरायच्या आधी एकदा आमच्या विहिरीचं पाणी प्यायचंय मला," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

"दुष्काळ पडला म्हणून आलात," कारकून म्हणाला.

"छे! बारा महिने पाणी होतं."

"मग नोकरी?"

"नाही."

"मुलांचं शिक्षण! नक्की."

"नाही हो."

सून गालातल्या गालात हसली. कारकुनाचे कान लाल झाले. त्यानं निमूटपणे 'इतर' या रकान्यात खूण केली.

"येताना सामान कशातून आणलंत?"

"डोक्यावरून. तीन खेपांत."

म्हातारी माणसं जरा वाढवूनच सांगतात, असं मनाशी म्हणून त्यानं ते सोडून दिलं.

"गावात आता कोण आहे तुमचं?"

"कुणी नाही उरलं. सगळे इकडेच."

"बरं आजी, टेम्पोला किती तास लागतील?"

"टेम्पो कशाला? चालत जाईन मी."

"अहो, काहीतरीच काय! या वयात?"

म्हातारी उठली. त्याचा हात धरून तिनं त्याला गॅलरीत नेलं. पाच मजले खाली, इमारतीच्या आवारात गाड्या ओळीनं उभ्या होत्या.

"तेवढ्या गाड्या हलवायला सांगा," ती म्हणाली. "त्या निळ्या गाडीखाली आमची विहीर आहे."