बंडी आडवी आली

विमा कंपनीच्या सर्व्हेअरसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "धडक कशी झाली?"

अकोल्याच्या गॅरेजमध्ये, समोरून चेपलेल्या अँबॅसडरशेजारी सहदेव हात बांधून उभा होता. गाडी कापसाच्या जिनिंगवाल्या खुशालरावांची, सहदेव त्यांचा ड्रायव्हर. खुशालराव खुर्चीत बसले होते. जरा पलीकडे, जमिनीवर, बैलबंडीवाला बुधाजी उकिडवा बसला होता. विमा कंपनीनं त्यालाही बोलावून घेतलं होतं.

"साहेब, बंडी एकदम आडवी आली," सहदेव म्हणाला.

पाच दिवसांत त्यानं हे इतक्यांदा सांगितलं होतं, की आता ते आपोआप तोंडातून बाहेर पडायचं. बार्शीटाकळीच्या रस्त्यावर लोक धावत आले, तेव्हा पहिल्यांदा तो हेच ओरडला होता. धुळीतून उठणाऱ्या बुधाजीच्याच अंगावर ओरडला होता. मग पोलिसांना सांगितलं, खुशालरावांना सांगितलं, घरी बायकोला, सत्यभामेलाही तेच. खरं काय ते त्याला एकट्याला ठाऊक होतं. बिडी पेटवताना काडीपेटी खाली पडली. ती उचलायला तो वाकला. मान वर केली, तर कडेनं चाललेल्या बंडीचं चाक अगदी समोर. बंडी उलटली आणि गाडी निंबाच्या झाडावर जाऊन आदळली.

चूक ड्रायव्हरची निघाली तर कंपनी छदामही देत नाही, असं स्टँडवरच्या ड्रायव्हरांनी त्याला सांगितलं होतं. खुशालराव तर स्पष्टच म्हणाले होते, "बंडीवाल्याची चूक होती म्हनून वाचला तू, सहदेव. नाई तं घरी बसोलं असतं तुले." तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. आणि आज बुधाजी समोर बसला होता. म्हातारा तोंड उघडणार, की सगळं संपलं.

साहेब बुधाजीकडे वळले. "आता तुम्ही सांगा."

बुधाजी उठला. त्यानं हात जोडले. "माहीच चूक झाली, साहेब. बंडी आडवी गेली."

आपल्याला भलतंच काही ऐकू आलं, असं सहदेवला वाटलं. म्हातारा खोटं का बोलतोय? कोणी दम दिला याला? सुटल्याचा आनंद राहिला बाजूला, त्याला उलट जास्तच भीती वाटली.

साहेबांनी लिहून घेतलं. मग ते खुशालरावांना म्हणाले, "तुमचा विमा पूर्ण आहे. गाडी आदळली, की दुरुस्ती कंपनीकडे. चूक तुमच्या ड्रायव्हरची असती, तरी कंपनीनं दिलंच असतं." त्यांनी कागद बुधाजीपुढे सरकवला. "चूक दुसऱ्याची असेल, तर मात्र कंपनी तो खर्च मागाहून त्याच्याकडून वसूल करते. इथे अंगठा लावा."

बुधाजीनं अंगठा शाईत बुडवला. मग तो कागदावर वाकला.

"थांबा, साहेब."

आपला आवाज सहदेवला स्वतःलाच ओळखू आला नाही. खुशालरावांकडे त्यानं पाहिलंच नाही. "बंडी आपल्या बाजूनं चालली होती. मीच काडीपेटी उचलाले खाली वाकलो होतो. याची काई चूक नाई."

साहेबांनी कागदावर आडवी रेघ मारली आणि नवा कागद घेतला. खुशालरावांनी हात पुढे केला. सहदेवनं गाडीची किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली.

बाहेर ऊन रणरणत होतं. बुधाजी फाटकाजवळ उभा राहून अंगठ्याची शाई धोतराला पुसत होता. सहदेव त्याच्यापाशी गेला.

"बुवा, काहून खोटं बोलले तुमी? कोनं भेव दाखोलं का?"

म्हातारा पुसायचा थांबला.

"खोटं कायचं, भाऊ? मले बंडीवर झोप लागली होती. तू म्हनला आडवी आली, तं मी तेच खरं समजलो."