जमीन हलली तेव्हा

रिसॉर्टच्या डायनासोर रेस्टॉरंटमध्ये दर अर्ध्या तासाने उल्कापाताचा खेळ होतो, हे पद्मिनबाईंना कोणी सांगितलं नव्हतं. जेवता जेवता दिवे गेले, जमीन थरथरली, डायनासोर ओरडू लागले. सगळी मुलं टाळ्या पिटत होती. पद्मिनबाईंनी तीन वर्षांच्या नातवाला कडेवर घेतलं आणि थेट बाहेर धाव घेतली.

त्यांचा मुलगा व्यंकट मागोमाग आला. "माय, खोटं हाय ते. खेळ हाय."

"भूकंप हाय रं," म्हणत त्या नातवाला सोडेनात.

किल्लारीच्या भूकंपाच्या त्या पहाटे त्यांनी दोन वर्षांच्या व्यंकटला असंच बाहेर आणलं होतं. थोरल्या लेकीसाठी परत वळेपर्यंत घर कोसळलं होतं. त्याबद्दल त्या कधीच बोलल्या नव्हत्या.

तेवढ्यात आठ वर्षांची नात रेवा बाहेर आली. तिचे डोळे भरले होते. "आजी, मी पण तुझ्याशेजारीच होते. मला का नाही नेलंस?"

पद्मिनबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "तुला पळता येईल वाटलं गं बाई मला."

आई हे रेवाला नाही, त्या पहाटे घरात राहिलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीला सांगतेय, हे व्यंकटला कळलं. तो तिथेच पायरीवर आईजवळ बसून राहिला.