बास्केटबॉलच्या मैदानाचं छत

"आधी छत. पाणी काय, कुठे पळून जातंय?" निकांद्रो म्हणाला.

झऱ्यावरून भरून आणलेल्या दोन बादल्या आईने दाराशी टेकवल्या. श्वास जागेवर आल्यावर कपाटातून काठी काढून तिला नव्या रंगीत फिती बांधायला बसली. काठी त्याच्या वडिलांची, ते गावचे अध्यक्ष होते तेव्हाची, अध्यक्षपदाच्या मानाची. म्हातारीला जुन्या आठवणींचा फार सोस, असं निकांद्रोला वाटलं.

त्याची लॉस एंजेलिसमध्ये दोन हॉटेलं होती, जीव मात्र मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या या डोंगरातल्या गावात. "मी दोन वाटे टाकतो, तुम्ही एक टाका," एवढं तो फोनवर म्हणाला की सरकारातून आलेला गावाचा निधी त्याच्या कामाकडे वळायचा. असाच चौक झाला, असाच बँडवाल्यांचा मंडप. नळाचं काम मात्र दरसाल पुढच्या सालावर जाई. यंदा बास्केटबॉलच्या मैदानावर छत घालायचं होतं. त्यासाठी अध्यक्ष आपल्या मुठीतला हवा, म्हणून तो खास निवडीला आला होता. सोमवारी परतीचं विमान.

"नाव तुझंच येणार, फिदेन्सिओ," त्याने चुलतभावाला बजावलं. "ऐन वेळी पैसे चारून सटकू नकोस म्हणजे झालं."

"मी कशाला सटकतोय, दादा?" फिदेन्सिओ हसला. "तू सभेत नियमाचं तेवढं बोल. तुझा शब्द कोण मोडणार?"

नियम जुना होता. सभेने निवडलं की तीन वर्षं गावात राहून बिनपगारी सेवा करायची. नाही म्हणणाऱ्याला ना जमीन, ना कबरीपुरती जागा. पण हल्ली लोक पैसे भरून बदली माणूस देऊ लागले होते. फिदेन्सिओचा काय भरवसा? ही पळवाट निकांद्रोला बुजवायचीच होती.

सभेत तो छाती काढून उभा राहिला. "गावकी विकत मिळत नाही! ज्याचं नाव येईल त्याने स्वतः राबायचं. बदली माणूस बंद, मग तो कितीही मोठा असो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळे हात वर गेले.

"ठराव मंजूर," सभा चालवणारे सेलेरिनोकाका म्हणाले. "शाबास, पोरा! आता अध्यक्षासाठी नाव सुचवा."

निकांद्रोने फिदेन्सिओकडे बघून डोळा मारला. फिदेन्सिओ खाली बघत होता.

मागच्या बाकावरून आई उठली. तिच्या हातात फितींची काठी होती.

"माझा निकांद्रो," ती म्हणाली. "घरात बादल्या दोन आहेतच."

पहिला हात फिदेन्सिओचा वर गेला, आणि मागोमाग सगळ्या गावाचे.